चार दिवस आधीची रजा

१८ नोव्हेंबर

प्रिय महेंद्र,

बघ, नाव लिहिलं. घरात सगळ्यांदेखत 'अहो' आणि 'तुम्ही', कागदावर मात्र 'अरे' आणि 'तू', हे आपलं लग्न ठरल्यापासूनचं. तुला नवा फोन आला तशी पत्रं मागं पडली आणि माझं 'अरे'सुद्धा. व्हिडिओ कॉलवर माझ्या खांद्यावरून तुझी आई डोकावते, तिच्या मागं आबा उभे, दारात शेजारची दोन पोरं 'काका, बंदूक दाखवा' म्हणून ओरडतात. त्या जत्रेत मी काय 'अरे' म्हणणार, कपाळ माझं! म्हणून हे पत्र. पाकीट घ्यायला कोरेगावच्या पोस्टात गेले तर खिडकीतल्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाल्या, "फोन बिघडलाय का ताई?" मी म्हटलं, फोन ठीक आहे, बोलणं बिघडलंय. त्या हसल्या. मी काही गंमत केली नव्हती.

आज घरात कोणी नाही. आबा आणि आई मलकापूरला लग्नाला गेलेत, आपली सृष्टी शाळेत आहे. त्यामुळं सविस्तर लिहिते. दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा तू म्हणालास, रजा मार्चवर गेली. मी 'बरं' म्हणाले. माझं 'बरं' तुला ठाऊक आहे, त्याचा अर्थ 'अजिबात बरं नाही' असा असतो. मे महिन्यात येणार होतास, मग गणपतीत, मग दिवाळीत. आता मार्च. दरवेळी माणसं कमी आहेत, रस्ता बंद आहे, साहेब नवीन आहेत. असेलही सगळं. पण मला वाटतं तू मुद्दाम येत नाहीयेस. मला तू ह्याच डिसेंबरात हवा आहेस. का, ते शेवटी लिहीन. आधी माझा बेत ऐक, आणि मधेच 'हे काय खूळ' म्हणू नकोस.

बामणोलीला जायचं. तू, मी आणि सृष्टी. चार दिवस. लग्नानंतर आपण महाबळेश्वरला गेलो होतो, आठवतंय? आपण दोघं आणि बरोबर तुझ्या घरची सहा माणसं, एका ट्रॅक्स जीपमध्ये. तुझी मावशी तुझ्या-माझ्या मधे बसलेली, मांडीवर भेळेचं पातेलं. एका पॉइंटवरून खाली लांब पाणी चमकत होतं. तू माझ्या कानाशी येऊन म्हणालास, ते कोयनेचं पाणी, एकदा तिथं खाली जाऊ, दोघंच. मावशीनं विचारलं, "काय कुजबुजताय रं?" तू म्हणालास, काही नाही, कणसं घेऊ का विचारत होतो. मग मावशीनं आठ कणसं घेतली. त्याला दहा वर्षं झाली. आपल्या घरापासून ते पाणी अडीच-तीन तासांवर आहे, महेंद्र, आणि आपण अजून गेलेलो नाही.

तर मी चौकशी केली. बामणोलीच्या धक्क्यावरून होडीनं अर्धा तास गेलं की पलीकडच्या काठाला ज्योतिबा म्हणून एकाच्या दोन खोल्या आहेत. मोठं हॉटेल नाही. पत्र्याचं छप्पर, पुढं अंगण, अंगणाखाली उतार आणि थेट पाणी. त्याची बायको स्वयंपाक करते. नाचणीची भाकरी, पाण्यातला ताजा मासा, आंघोळीला बंबाचं गरम पाणी. ज्योतिबा माणूस भलताच सरळ. मी फोन केला तर खोली खपवायची सोडून मलाच घाबरवायला लागला. "ताई, आधी सांगतो, हितं रेंज न्हाई, टीव्ही न्हाई. सा वाजता अंधार पडतो आन् थंडी लय. मागच्या येळी पुण्याची पावनी दुसऱ्या दिवशीच पळाली, म्हणाली हितं काय आवाजच न्हाई." मी म्हटलं, दादा, आम्हाला तेच पाहिजे. तो म्हणाला, "मग या. होडी चारच्या आत गाठा, धुकं पडल्यावर मी सोडत न्हाई." मी दोन्ही खोल्या सांगून टाकल्या. शेजारी कोणी नको.

आता मुख्य गंमत. बारा डिसेंबरला सातारला पोचशील अशी रजा टाक. घरी मात्र सांगायचं की सोळाला येतोय. मधले चार दिवस कुणाचेच नाहीत. मी आठवडाभर आधी कुपवाडला माहेरी जाते. माझ्या आईला सगळं सांगून ठेवलंय, ती तोंड उघडणार नाही. बाराला सकाळी सृष्टीला घेऊन मी सांगलीहून गाडीत बसते आणि सातारला उतरते. तूही सातारलाच उतर. चुकूनसुद्धा कोरेगावला उतरू नकोस. तिथं तिकीटखिडकीपासून वडापच्या जीपवाल्यापर्यंत सगळे तुला ओळखतात. तू फलाटावर पाय ठेवायचा अवकाश, आबांना फोन गेलेला असेल. आणि ती नाव रंगवलेली काळी ट्रंक आणू नकोस, ती हिरव्या ठिपक्यांची पिशवीही नको. मागं असंच अपशिंग्याकडच्या एका जवानानं केलं होतं म्हणे, बायकोला घेऊन गुपचूप पन्हाळ्याला गेला, आणि सातारच्या स्टँडवर ट्रंक बघून कुणीतरी सत्कारच केला त्याचा! साधी शर्ट-पँट घाल. माझ्या भावाला, मुकुलला सांगून तुझ्यासाठी स्वेटर आणि कानटोपी घेऊन ठेवलीय. सातारा स्टँडवरून बामणोलीची एसटी मिळते. कासचं पठार ओलांडून गाडी खाली उतरायला लागली की पाणी दिसायला लागतं म्हणतात. सृष्टीला खिडकी द्यायची. ती आत्ताच विचारते, बाबा पोहणार का, बाबा होडी चालवणार का, बाबा माझ्याशी एकटीशी बोलणार का. हे शेवटचं तिनं विचारलं तेव्हा मी कणीक मळत होते, तशीच मळत राहिले.

तुला वाटेल, हे चोरासारखं कशाला? मग तुझी मागची रजा आठव. तीस दिवसांची होती. पहिल्या दिवशी वेशीत हलगी. तू गाडीतून उतरलास तर गल्लीतल्या दिग्विजयनं मोबाइल समोर धरला आणि म्हणाला, "दादा, परत बसा, परत उतरा, रील नीट आलं न्हाई." तू परत बसलास आणि परत उतरलास. मी दारात आरतीचं ताट घेऊन उभी, निरांजन विझलं तरी तुमचं रील चाललेलंच. दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला फौजेच्या भरतीची तयारी करणारी पोरं दारात. मग तुझ्या चुलत्यांच्या बांधाचा वाद, तिथं तू वर्दी घालून नुसता उभा राहायचा. मग नऊ लग्नं, दोन साखरपुडे, एक वास्तुशांत. जिथं जाशील तिथं तुझ्या हातात नारळ. त्या तीस दिवसांत आपण दोघंच असे कधी होतो ते मी आठवून बघितलं. कोरेगावला गॅसचं सिलेंडर आणायला गेलो होतो तेवढंच. आणि तेव्हाही येताना मोटारसायकलच्या मागच्या सीटवर सिलेंडर होतं म्हणून मी पायीच आले.

पण हे सगळं हसण्यावारी नेण्याजोगं. जे हसण्यावारी नेऊ नये ते मी त्या रजेत बघितलं आणि तरीही हसण्यावारी नेलं, ते मला आता छळतं. शाळेत तुझा सत्कार झाला. हेडमास्तर म्हणाले, मुलांना सीमेवरचा एखादा अनुभव सांगा. तू माइकपाशी गेलास आणि उभाच राहिलास. किती वेळ! पोरं शांत, मास्तर शांत. मग 'जय हिंद' म्हणालास आणि खाली येऊन बसलास. टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक म्हणाले, गडी भारावला. मी बायकांच्यात बसले होते, मला तुझे हात दिसत होते. अंगावरची शाल तू अशी मुठीत धरली होतीस की बोटं पांढरी पडली होती. घरी आल्यावर मी काय म्हणाले? म्हणाले, भाषण मस्त झालं हो, पाठ करून गेला होतात का?

आणि ती भरतीची पोरं. मी डेअरीत दूध घालून येत होते, मैदानाच्या कडेला थांबले. तू घड्याळ हातात धरून उभा. पोरांनी चार फेऱ्या मारायच्या होत्या. चार झाल्या, पाच झाल्या, सात झाल्या. तू काही 'थांबा' म्हणेनास. नवव्या फेरीला एकजण कडेला जाऊन ओकला, बाकीचे तसेच पळतायत, कारण सर थांबा म्हणाले नाहीत ना! त्यांना वाटलं सर कडक आहेत. मी तुझं तोंड बघितलं. तू पोरांकडं बघतच नव्हतास. मैदानापलीकडच्या डोंगराकडं बघत होतास, पण डोंगर तरी दिसत होता का, कोण जाणे. मी 'अहो' म्हणून हाक मारली तर केवढ्यानं दचकलास, घड्याळ हातातून पडलं. त्या दिवशी जेवताना मी सगळ्यांसमोर तुझी टर उडवली, मिलिटरीत मोजायला शिकवत नाहीत वाटतं. सगळे हसले. तूही हसलास. तेव्हाच माझं तोंड का फुटलं नाही! एवढी शहाणी म्हणवते स्वतःला, आणि नवऱ्याचं दुखणं समोर चालताबोलता दिसत असताना विनोद करत बसले.

आबांचं तुला माहीतच आहे. सुभेदार म्हणून रिटायर झाले तरी अजून सकाळी बूट पॉलिश करतात, जायचं कुठं तर पारावर. परवा पेपरात कुणा जवानाची बातमी होती, मनावर ताण आल्यामुळं घरी पाठवलं म्हणून. आबांनी पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, "आमच्या येळंला असलं काय नव्हतं. शिपायाला जखम हुती, आजार न्हाई." मी चहा ठेवून आत गेले. मला त्यांचा राग आला. तुझी आई मात्र माझ्या मागोमाग चुलीपाशी आली. हळूच म्हणाली, "पोराच्या आवाजात काय तरी हाय गं. फोनवर हसतंय, पर हसणं लांबनं येतंय." मी म्हटलं, रेंजमुळं असेल. त्या माउलीनं मान हलवली आणि कांदा चिरायला घेतला. खोटं बोलायला मी आता चांगलीच सरावलेय, महेंद्र. सप्टेंबरपासून.

ते सप्टेंबरचंच आता सांगते. महिन्याचं सामान आणायला सातारच्या मिलिटरी कॅन्टीनला गेले होते. रांगेत जयराजभाऊजींची बायको प्रियंका भेटली. तुमचं दोघांचं एकच युनिट, म्हणून ती मला नेहमी धरून असते. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "वहिनी, भावजी आता कसे हायत? आमचे हे रजेवर येताना पुण्याला उतरून बघून आले. म्हणाले, आता जरा जेवाय लागलेत." मला काही कळेना. तुझा आदल्या दिवशीच फोन आलेला, वर पोस्टवर आहे म्हणालेलास. पण प्रियंकाचं तोंड बघितलं आणि मी म्हणाले, हो गं, आता बरंय. तिच्याकडून एक-एक करून सगळं काढून घेतलं, मला माहीतच आहे असं दाखवून. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात तू पंधरा दिवसांपासून होतास. वार्डाचा नंबरसुद्धा तिनं सांगितला. माझा नंबर लागला तेव्हा काउंटरवरच्या माणसानं दोनदा विचारलं, काय काय घ्यायचं, आणि मला यादीतलं एक अक्षर वाचता येईना.

तिसऱ्या दिवशी मी घरी सांगितलं की आईचे डोळे दाखवायचेत, कुपवाडला जाते. सृष्टीला तुझ्या आईजवळ ठेवलं आणि सांगलीऐवजी पुण्याची गाडी धरली. होय, मी आले होते. गेटवर माझं कार्ड बघितलं, रजिस्टरात नाव लिहून घेतलं. तिथल्या जवानानं हातानं रस्ता दाखवला. वार्डाच्या भिंतीवर हिंदीत लिहिलं होतं, मनोरोग. ते मी दोनदा वाचलं. जाळीच्या पलीकडं हिरवळ होती, निळ्या कपड्यांतले पेशंट बसले होते, आणि एका सिमेंटच्या बाकावर तू. अर्धा झाला होतास. पायांत रबरी चपला, सदरा खांद्यावरून उतरलेला. मी हाक मारणार, तेवढ्यात माझ्या पर्समधला फोन वाजला. तुझाच होता. तू बाकावर बसून मलाच फोन लावला होतास. मी झाडाच्या आडोशाला झाले आणि उचलला. तू म्हणालास, इथं सकाळपासून बर्फ पडतंय, रेंज जाईल, म्हणून आत्ताच केला. तुझ्या डोक्यावर पाच वाजताचं ऊन होतं. मी म्हणाले, कान बांधून घ्या. तू विचारलंस, काय करतेस? मी म्हणाले, भाकऱ्या थापतेय. तीस पावलांवरून, महेंद्र! एक ॲम्ब्युलन्स मागं घेत होते, तिचा आवाज मला फोनमधूनही आला आणि कानानंही आला, मला वाटलं आता तुला कळणार. तुला कळलं नाही. फोन ठेवून तू बाहीनं तोंड पुसलंस आणि चपलांकडं बघत बसलास. मी पुढं यायला पाहिजे होतं. नाही आले. तू माझ्यासाठी एवढं बर्फ रचून सांगत होतास, ते तुझ्या तोंडावर खोटं पाडायचं धाडस झालं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी ती पाटी वाचून घाबरले. गावात लोक काय म्हणतील, आबा काय म्हणतील, सृष्टीच्या शाळेत काय होईल, हे सगळं त्या दोन मिनिटांत माझ्या डोक्यात येऊन गेलं, आणि तुला मिठी मारावी हे मात्र नंतर, गाडीत बसल्यावर आलं. बाहेर पडताना गेटवरचा जवान म्हणाला, "मिल लिए?" मी म्हणाले, हां, मिल लिए.

आता तू युनिटमध्ये परत आहेस, तुला वर पाठवत नाहीत, स्टोअरला बसवलंय, हेही मला प्रियंकाकडूनच कळलं. रजा का ढकलतोयस तेही कळलं. वेशीतली हलगी, पोरांचं घड्याळ, आबांसमोर ताठ उभं राहणं, हे तुला आत्ता झेपायचं नाही. म्हणून पाण्याकाठच्या दोन खोल्या. तिथं तू कुणाचा वीर जवान नाहीस. झोप, बसून राहा, बोलू नकोस, रड. मी आहे. हे काही न सांगता नुसता बेत कळवला असता तर तू कदाचित आलाही असतास. मला सगळं ठाऊक आहे हे वाचून आता येशील का नाही, कोण जाणे. त्याच भीतीनं दोन महिने मी हे पत्र लिहायचं टाळलं. पण चार दिवस काठावर बसून तू बर्फाच्या गोष्टी सांगायच्या आणि मी भाकऱ्यांच्या, तसलं मला नको. तुला फसवून बोलवायचं नव्हतं, म्हणून लिहिलं. बारा तारखेला दुपारी मी सृष्टीचा हात धरून सातारच्या फलाटावर असेन. तू उतरलास तर मी काही विचारणार नाही, तू सांगशील तेवढंच ऐकेन. नाही उतरलास तर पोरीला कुपवाडला आईकडं ठेवीन, आणि तू जिथं असशील तिथली गाडी धरीन. ह्या वेळी मी गेटावरून परत जाणार नाही.

तुझीच,
श्रद्धा